‘खाली’चं बटण

१

रोज सकाळी साडेसहाला मी कॉफी घेऊन संगणकापुढे बसतो आणि चार हजार माणसांची भांडणं सोडवतो. त्याबद्दल कोणी आभार मानत नाही, शिव्या मात्र नेमाने मिळतात. एकाची तक्रार, माझी बातमी पहिल्या पानावरून इतक्या लवकर कशी उतरली. दुसऱ्याची तक्रार, त्याची अजून का उतरली नाही. तिसरा नुसतंच लिहितो, ‘लाज वाटते का?’ कशाची, ते लिहायचं राहून गेलेलं असतं.

‘कट्टे’ ही वेबसाइट मी आणि माझ्या मित्राने, शरतने, बारा-तेरा वर्षांपूर्वी काढली. पिंपळाच्या पाराला इथे म्हैसुरात कट्टे म्हणतात, म्हणजे आपला कट्टाच. आमची इथली जुनी मराठी घरं. कोणाचे पणजोबा राजाच्या फौजेत होते, कोणाचे कचेरीत. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. अशा चाळीस घरांना एकमेकांच्या बातम्या कळाव्यात, एवढाच विचार होता; चाळिसांचे चार हजार लोक कधी झाले, कळलं नाही. बातम्या आम्ही लिहायच्या नाहीत आणि निवडायच्याही नाहीत. ज्याला जे सांगायचंय ते त्याने टाकावं, मग ती पेपरातली बातमी असो की गल्लीतली तुंबलेली मोरी. वाचणाऱ्याला पटलं तर त्याने ‘वर’ दाबावं, नाही पटलं तर ‘खाली’. ज्या बातमीला जास्त ‘वर’, ती पानाच्या डोक्यावर. तास जातील तसं बातमीचं वजन आपोआप घटतं, नाहीतर एकच लग्न वर्षभर डोक्यावर बसलं असतं. आणि उणे दहा झाले की बातमी मिटते, म्हणजे पानावर तिचं नुसतं शीर्षक उरतं. संपादक नाही, मालक नाही. लोकच ठरवतील, असं शरत म्हणायचा.

लोकांनी काय ठरवलं ते सांगतो. कांचन नावाच्या एका बाईंनी घरातल्या अकरा जणांची खाती उघडली आणि त्यांची रव्याच्या लाडवांची कृती सलग चार दिवस पहिली आली. मग एका घराचं एकच मत, असा नियम करावा लागला. जाहिरातवाले घुसले, म्हणून नव्या खात्याला आठ दिवस मत नाही. देखरेखीला स्वयंसेवक घेतले, तर एकाने दुसऱ्याच्या बातम्या पुसायला सुरुवात केली. म्हणून बातमी पुसायला दोघांची संमती हवी, असं ठरलं. तीन वर्षांपूर्वी पानाचं रूप बदललं तेव्हा निम्मे लोक रागावून सोडून गेले आणि तक्रार करायला रोज परत येत राहिले. शेवटी शरतने हात टेकले. तो कॅनडाला गेला आणि हे लोढणं माझ्या गळ्यात राहिलं.

आमची बाहेरची खोली लहान आणि सामानाने खच्चून भरलेली आहे. दोन कपाटं, बायकोचं, म्हणजे सहानाचं, शिलाई मशीन, तिच्या माहेरचा पलंग, माझ्या जुन्या संगणकांचे खोके. तिथून स्वयंपाकघरातल्या बायकोला हाक मारली की आवाज खोक्यांतच जिरतो. दोनदा ओरडल्याशिवाय तिला ऐकू जात नाही. यावरूनही आमचं रोज वाजतं.

२

फत्तेसिंगराव काका ‘कट्टे’वर दिवसाला आठ बातम्या टाकायचे. वय अठ्ठ्याहत्तर. घोडेस्वार पोलिसांत नोकरी झालेली. आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून, कौलारू बैठ्या घरात एकटे राहायचे. गोदावरी काकू गेल्याला सहा वर्षं झाली होती. मुलगी भवानी टी. नरसीपूरला शाळेत शिकवते.

“घोड्यावर बसलं की कंपाउंडापलीकडचं सगळं दिसायचं रे,” ते सांगायचे. “ती सवय जात नाही बघ. माणसानं वरनं बघावं.”

तर ते बघायचे, आणि बघितलेलं सगळं एका बोटाने टाइप करायचे. चौदा नंबरच्या टाकीला झाकण नाही. बन्नूरची बस थांब्याच्या पुढे थांबते. पोस्टमन सायकल भिंतीला टेकवतो. मला त्यांचा वैताग यायचा, अगदी मनापासून. त्यांच्या प्रत्येक बातमीला पहिलं ‘खाली’ माझं असायचं. कॉफीचा पहिला घोट आणि काकांना एक ‘खाली’, असा माझा दिवस सुरू व्हायचा.

त्याहून वाईट एक गोष्ट मी केली होती, तीही सांगून टाकतो. आमच्याकडे एक मूक यादी आहे. तिच्यात टाकलेल्या माणसाला काही कळत नाही. त्याला स्वतःच्या बातम्या दिसत राहतात, बाकी कोणालाही दिसत नाहीत. उपद्रवी लोकांना रोखायची ही जुनी युक्ती, सगळीकडे वापरतात. आषाढात मी काकांना तीन आठवडे त्या यादीत टाकलं. रोज आठ बातम्या, आणि वाचणारं कोणी नाही.

एक दिवस ते घरी आले, चप्पल न काढता दारातच उभे राहिले. “श्रीहरी, अरे माझ्या बातमीवर कोणीच काही बोलत नाही बघ. भांडतसुद्धा नाहीत. वाचतात की नाही, गोत्तिल्ला बाबा, काही कळत नाही.” मग जरा हसून म्हणाले, “मेलो तरी यांना कळणार नाही, नाही का?”

मी त्याच संध्याकाळी त्यांचं नाव काढलं. मला माझीच लाज वाटली. परत हे करणार नाही, अशी मी शपथ घेतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या घोटाबरोबर त्यांना ‘खाली’ दिलं.

३

दसऱ्यानंतर पवित्राने एक सुधारणा सुचवली. पवित्रा आमची सगळ्यात नवी स्वयंसेवक, एम. एस्सी. करते, बोलते मराठी पण वाचता येत नाही.

“अण्णा, आमच्या वयाच्या कोणालाच ते देवनागरी येत नाही,” ती म्हणाली. “शब्द मराठीच इरली, राहू देत, अक्षरं फक्त कन्नड करा ना. मशीनच करेल, सिंपल.”

कल्पना चांगली होती. एका रविवारी बसून मी ते केलं. ज्याला हवं त्याला सगळं पान, बातम्या, बटणं, सगळं कन्नड अक्षरांत. महिन्याभरात दीडशे तरुण पोरं नव्याने आली. मी खूश होतो.

मिटलेल्या बातमीखाली एक ओळ येते, ती मीच लिहिलेली आहे: ‘ही बातमी खाली गेली.’ नोव्हेंबरात एका सकाळी काकांची एक बातमी मिटलेली दिसली. कोपऱ्यावरचा बेकरीवाला फुटपाथवर रॅक ठेवतो, अशी तक्रार होती. बेकरी सगळ्यांची लाडकी, त्यामुळे उणे दहा व्हायला अर्धा दिवसही लागला नव्हता. त्याखालची ओळ अशी होती:

‘खाली झाली.’

मी माझ्या फाइली उघडून शोधलं. असं वाक्य त्यांत कुठेही नव्हतं. मशीनने रूपांतर करताना घोळ घातला असेल म्हणून मी पवित्राला फोन केला.

“बरोबरच आहे की,” ती म्हणाली. “खाली आयतु. संपलं, रिकामं झालं.”

“अगं, खाली म्हणजे वरच्या उलट. खालच्या बाजूला.”

“अय्यो. आम्हाला वाटलं खाली म्हणजे खाली. डबा खाली, घर खाली. आम्ही त्याच अर्थानं दाबतो अण्णा. संपलेला विषय, असं.”

मी कपाळावर हात मारून घेतला. बारा वर्षं मराठीत विचार करणारा मी, आणि कन्नडात त्याच शब्दाचा अर्थ रिकामं असा होतो, हे मला सुचू नये? जन्मभर ‘मने खाली इदे’, घर रिकामं आहे, हे शब्द मीही ऐकत आलोय, घरं शोधताना स्वतः बोललोय. बटण बदलायचं असं मी कागदावर लिहून ठेवलं. त्या कागदावर आधीच एकोणीस कामं होती.

ब्रेड आणायला गेलो तर बेकरीचं शटर उघडं होतं. आत दिवा चालू. काचेचं कपाट नाही, रॅक नाहीत, भट्टी नाही. लादी स्वच्छ, पुसल्यासारखीही नाही, कधी कोणी पाऊलच ठेवलं नसावं अशी. मला सगळ्यात जास्त खटकला तो वास. वीस वर्षं लोणी आणि बनचा वास मुरलेल्या भिंती, आणि वासच नाही. मी “कोणी आहे का?” म्हणालो, आणि माझाच आवाज जरा उशिराने माझ्याकडे आला.

दुकानं बंद पडतात. रातोरात सामान हलवतात. मी स्वतःला असं समजावलं आणि मेन रोडवरून ब्रेड आणला.

४

विशालाक्षी टीचर मागच्या गल्लीत वीणा शिकवायच्या. रोज दुपारी चार वाजता सात-आठ मुली एकच सुरावट घासत बसायच्या. काकांनी त्यावर लिहिलं, ‘वीणेचा आवाज छान येतो, पण खिडकी उघडी ठेवली तर अजून छान येईल.’ म्हणजे बघा, ही तक्रारसुद्धा नव्हती. तरी काकांचं नाव दिसलं की दाबणारे पाच-सहा जण ठरलेले होते आणि त्यांतला पहिला मी. बाकीची ‘खाली’ पोरांची, विषय संपला म्हणून दाबलेली. बुधवारी सकाळी तिथे तीच ओळ आली. खाली झाली.

चार वाजले तेव्हा मी कान देऊन बसलो होतो, एकही सूर आला नाही. मग चप्पल घालून गेलो. खोलीचं दार नुसतं लोटलेलं. आत चटया नव्हत्या, वीणा नव्हत्या, भिंतीवर खिळेही नव्हते. खिडकी मात्र उघडी होती. दोन मुली वह्या घेऊन पायरीवर उभ्या होत्या.

“टीचर कुठे गेल्या?” मी विचारलं.

“कोण टीचर, अंकल?” एकीने विचारलं. दुसरी स्वतःच्या हातातल्या वहीकडे बघत राहिली.

मी खोलीत उभा राहून एकदा खोकलो. खोकला चारही भिंतींवर आपटून परत आला. भरल्या घरात असं होत नाही. मी घरी येऊन ‘खाली’चं लेबल काढायला बसलो. वेबसाइटवर ते अर्ध्या तासात निघालं, तिथे बाण आले. फोनवरच्या ॲपमध्ये मात्र लोकांनी नवी आवृत्ती घेतल्याशिवाय ते बदलत नाही, आणि आमचे लोक काही म्हणजे काही अपडेट करत नाहीत. मी मोठी सूचना लावली. तिला उणे सहा मिळाले.

अजूनही मी मानत नव्हतो, हे सांगायला हवं. लेबल म्हणजे लेबल. टीचरना त्यांच्या मुलाने अचानक नेलं असेल. मुलींनी माझी चेष्टा केली असेल. तरी त्या दिवसापासून मी काकांना ‘खाली’ देणं थांबवलं.

५

रविवारी दुपारी तीन वाजता सहाना पलंगावर आडवी झाली होती आणि मी सहज पान उघडलं. काकांची नवी बातमी होती.

‘फत्तेसिंगराव यांच्या घरातली मागची खोली देणे आहे. भाडे नको. कोणी सोबतीला राहिले तर बरे.’

उणे आठ.

एवढ्या साध्या मागणीवर रागावायला काय होतं? मग खालचे अभिप्राय वाचले. कन्नड अक्षरांत, पोरांचे. ‘खोली खाली आहे, मीही दाबलं.’ ‘खाली कन्फर्म.’ ‘पाहिलंय, खाली आहे.’ कोणी रागावलं नव्हतं. सगळे मदत करत होते. जुन्या ॲपवरचं बटण दाबून, खोली रिकामी असल्याची ग्वाही देत होते.

मी बातमी पुसायला गेलो. दुसऱ्या स्वयंसेवकाची संमती हवी, असा चौकोन आला. माझाच नियम! पवित्राला फोन लावला. ती बन्नूरला लग्नाला गेलेली, मागे नादस्वरम वाजत होतं.

“पवित्रा, संमती दे, आत्ता, काकांच्या बातमीला!”

“काय अण्णा? केळत नाही, ऐकू येत नाही! मी पण दाबलंय त्याला, खोली खाली आहे ना, म्हणून!”

“पुसायचंय ते! ॲप उघड!”

“नेटवर्क नाही अण्णा, स्वल्प वेळ द्या!” फोन कटला. उणे नऊ झाले होते.

मी काकांच्या घरच्या फोनवर लावला. बराच वेळ वाजल्यावर त्यांनी उचलला.

“हां, श्रीहरी.” आवाज लांबून, घुमत येत होता. त्या घरात आवाज कधी घुमायचा नाही. काकूंच्या जाण्यानंतर त्यांनी एक चमचाही हलवला नव्हता.

“काका, तुम्ही बाहेर या. घराबाहेर या आधी.”

“येतो की. पण नोडु, बघ, इथं गोदावरीचं कपाट होतं की रे. भिंतीला. आत्ता होतं.” आवाज आणखी घुमला. “आणि माझी खुर्ची?”

तेव्हा मला फक्त एकच गोष्ट करता येत होती. कोणतीही बातमी पानाच्या डोक्यावर नेऊन चिकटवायचा अधिकार मला एकट्याला आहे. तिथे गेलेली बातमी मतांनी हलत नाही आणि मिटतही नाही. मी ते दाबलं. घाईत दोनदा दाबलं गेलं. आकडे थांबले. पानाच्या डोक्यावर काकांचं नाव आलं आणि त्याखाली, मी कधीही न लिहिलेली, एक ओळ उमटली.

‘फत्तेसिंगराव वर गेले.’

मराठीत याचा अर्थ काय होतो, ते मला कोणी शिकवायला नको.

६

चार घरांचं अंतर मी कसं कापलं ते आठवत नाही. ऊन रणरणतं होतं आणि गल्लीत चिटपाखरू नव्हतं. काकांचं दार सताड उघडं होतं.

सामान सगळं होतं. कपाट भिंतीला, खुर्ची खिडकीशी, टेबलावर स्टीलच्या पेल्यात अर्धी कॉफी, अजून कोमट. फोनचा रिसीव्हर लोंबकळत होता. मला इतकं हायसं वाटलं की मी त्या खुर्चीत मटकन बसलोच. आवाज घुमत नव्हता. मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, “काका!” आणि हाक कपाटात, गाद्यांत, कॅलेंडरांत जिरून गेली. मागच्या खोलीत बघितलं, न्हाणीत बघितलं, परसात बघितलं. चप्पल दाराशी होती. म्हणजे लांब कुठे गेले नसणार.

मग वरून आवाज आला.

एक कौल सरकल्याचा. मांजर असेल, माकड असेल. चामुंडी बेट्टावरून, त्या डोंगरावरून, माकडं येतात कधीकधी. मी वर पाहिलं. त्या घराला माडी नाही, गच्ची नाही. आढं, वासे आणि कौलं, बस. उजेडासाठी मधे काचेचं एक कौल बसवलेलं आहे, त्यातून उन्हाची तिरीप खाली येते. ती तिरीप नव्हती. काचेवर काहीतरी होतं.

दोन तळवे होते. अनवाणी, म्हातारे, टाचांना भेगा पडलेले. काचेवर माणूस उभा राहिला तर तळवे दाबले जाऊन पांढरे दिसतात, तसे ते नव्हते. ते काचेला नुसते लागलेले होते.

मग तळवे काचेवरून निघाले. ते बाजूला सरकले नाहीत. ते लहान होत गेले.

मी बाहेर पळालो, डोळ्यांवर हात धरून आभाळात बघितलं. सूर्य नेमका डोळ्यांत आला. मला काही दिसलं नाही, आणि खरं सांगतो, मी नीट बघितलंही नाही.

७

पोलिसांत तक्रार झाली. भवानी येऊन आठ दिवस राहिली, बापाच्या खुर्चीत बसून रडली आणि परत गेली. मी ती बातमी डोक्यावरून सोडवली, दुसऱ्याच दिवशी. पान लगेच बदललं. बाकी काहीच बदललं नाही. पवित्राने ‘मी दाबलं नसतं तर’ असं दहादा विचारलं आणि दहाही वेळा मी तिच्यावर ओरडलो, कारण ती विचारत होती ते मीच स्वतःला विचारत होतो.

बाराव्या दिवशी काकांच्या खात्यावरून बातमी आली.

‘चौदा नंबरच्या टाकीत कबूतर मेले आहे. झाकण लावा.’

चौदा नंबरवाले चढले, तर खरंच मेलेलं कबूतर होतं. खालून ते दिसणं शक्य नव्हतं. लोकांना वाटलं, काका मुलीकडे आहेत आणि तिथून खोड्या काढतायत. मला तसं वाटावं म्हणून मी पुष्कळ धडपडलो. पण बातम्या रोज येत राहिल्या, आठ-आठ, त्याच एका बोटाने टाइप केल्यासारख्या. ‘आपल्या गल्लीतल्या सात घरांची कौले फुटली आहेत.’ काही दिवसांनी, ‘बेट्टावरच्या देवळाचे शिखर आतून पोकळ नाही, उगाच म्हणतात.’ मग, ‘नरसीपूरला दोन्ही नद्या मिळतात ती रेघ स्पष्ट दिसते. भवानीच्या शाळेचे अंगण लहान आहे.’ परवा, ‘बेट्टदपूरचा डोंगरही आता सपाट वाटतो. थंडी आहे. श्रीहरीशिवाय कोणी काही लिहीत नाही.’

मला त्यांना मूक यादीत टाकता आलं असतं. त्याला कोणाची संमती लागत नाही. मी ते केलं नाही. उलट प्रत्येक बातमीखाली मी दोन ओळी लिहायचो. ‘वाचलं काका.’ ‘हो काका, झाकण लावलं.’ बाकी मी काय करू शकत होतो? माझ्या रागाने सुरू झालेलं होतं ते. निदान त्यांना वाचणारं कोणी आहे, एवढं तरी त्यांना कळावं.

आज सकाळी साडेसहाला मी कॉफी घेऊन बसलो. सहाना स्वयंपाकघरात उप्पिट्टाची फोडणी देत होती, मोहरी तडतडत होती. पान उघडलं. काकांची बातमी दहा मिनिटांपूर्वीची होती.

‘इतक्या लांबून सगळी घरे सारखीच. पण एक ओळखू आले. श्रीहरीचे घर अगदी खाली दिसते. बरे वाटले.’

मी ते दोनदा वाचलं आणि मला भरून आलं. मग आकड्याकडे लक्ष गेलं.

उणे पाच. अभिप्राय कन्नड अक्षरांत. ‘अय्यो, श्रीहरी अण्णांचं घर खाली? सोडून गेले का?’ ‘हौदु, होय, खाली दिसतं म्हणतायत.’ ‘मी पण दाबलं.’ जुनं ॲप, जुनं बटण. मी भराभर लिहिलं, ‘अरे मी इथेच आहे! खाली म्हणजे तळाशी!’ ते मशीनने कन्नड अक्षरांत बदललं आणि पानावर ‘खाली’ आणखी एकदा आलं. उणे सात.

पुसायला पवित्राची संमती हवी. तिचा फोन वाजत राहिला, सकाळी उठते कुठे ती. डोक्यावर चिकटवायचं बटण समोर होतं. त्याच्याकडे मला बघवेना. उणे आठ.

राहिली मूक यादी. नाव निवडायचं, एकदा दाबायचं, आणि काकांची ही बातमी चार हजार लोकांच्या फोनवरून त्याच क्षणी गेली असती. बातमी नाही तर मतंही नाहीत. सहाना वाचली असती, मीही. मी नाव निवडलं. बोट बटणावर ठेवलं. ‘कोणी काही लिहीत नाही’ ही परवाची ओळ डोळ्यांपुढे आली. एवढ्या उंचीवर, एकटे, रोज आठ बातम्या आणि वाचणारं कोणी नाही. बोट एक क्षण थांबलं. मी देवाची शपथ घेऊन सांगतो, एकच क्षण.

मग मी दाबलं. बातमी पानावरून गेली. जाताना तिथला आकडा मी बघितला, तो उणे दहा होता.

मोहरीचा आवाज थांबला होता. फोडणी झाली असेल. मी पडद्यावरून नजर उचलली नाही, उचलायची माझी हिंमत नाही. डाव्या हाताला कपाट आहे, मागे खोके आहेत, पलंग आहे. न बघता मला माहीत आहे.

मी सहानाला हाक मारली.

एकदाच मारली, हळू. पण चारही भिंतींनी ती मला परत दिली.